दप्तराची दुसरी प्रत

लहानशा व्यापारी पेढीचे सारे दप्तर आज एका सर्व्हरमध्ये सामावलेले असते. किर्द, खतावणी, मालाचा साठा, गिऱ्हाइकांची उधारी, नोकरांचे पगार आणि सरकारात भरलेल्या करांचा तपशील, ही जी पूर्वी लाल कापडाच्या बांधणीत कपाटे व्यापून बसलेली वह्यांची रास होती, ती आता तळहातावर मावतील एवढ्या चकत्यांवरील चुंबकीय खुणांत परिणत झाली आहे. आणि ज्या सुलभतेने ती परिणत झाली त्याच सुलभतेने एका रात्रीत नाहीशीही होऊ शकते, ही जाणीव व्यापारी माणसाला बहुधा प्रसंग ओढवल्यावरच होते. म्हणून या दप्तराची दुसरी प्रत कशावर ठेवावी, कोठे ठेवावी आणि मुख्यतः कोणाच्या जबाबदारीवर ठेवावी, याचा विचार प्रसंगाच्या आधी आणि सावकाशीने होणे इष्ट आहे.

सांगलीच्या गणपती पेठेतील, काही वर्षांपूर्वी प्रायव्हेट लिमिटेड झालेली, घाऊक औषधविक्रीची एक पेढी वाचकांनी कल्पावी. तिचे ज्येष्ठ संचालक, ज्यांना सारी पेढी काका म्हणून ओळखते, हिशेबाच्या कामात मुरलेले आहेत. आणि त्यांचा पुतण्या श्रीधर याच्याकडे संगणकांची देखभाल सोपवलेली आहे. रोज रात्रीचा बॅकअप सुट्या हार्ड डिस्कवर घ्यावा आणि ती डिस्क सकाळी काढून पेढीबाहेर न्यावी, असा प्रस्ताव श्रीधरने लेखी मांडला आहे, आणि काकांना तो मान्य नाही.

काका : श्रीधर, तुझा प्रस्ताव मी लक्षपूर्वक वाचला. तीन डिस्क घ्यायच्या, त्या आळीपाळीने सर्व्हरला जोडायच्या, रात्री बॅकअप व्हायचा, आणि सकाळी कोणीतरी ती डिस्क काढून घरी न्यायची. खर्च किरकोळ आहे, तेव्हा खर्चाविषयी माझी तक्रार नाही. माझी हरकत अशी आहे की, जिचा प्रत्येक दुवा कोणाच्या तरी आठवणीवर अवलंबून आहे, अशा रीतीला बंदोबस्त म्हणणे मला पटत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि पेठेत शिरले, तेव्हा आपला सर्व्हर तळमजल्यावर बुडाला. आणि बॅकअपची डिस्क कोठे होती? त्याच टेबलाच्या खणात. ती रोज घरी न्यायची असे ठरलेले होते. पहिला पंधरवडा ती नेली गेली, पुढे आठवड्यातून एकदा, पुढे सणावारी, आणि अखेरीस ती खणातच राहिली. नेणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही आणि जाब विचारण्याचे काम कोणाकडे आहे हेही कोठे लिहिलेले नव्हते. तीच रीत तू आज तिप्पट करून माझ्यापुढे ठेवतो आहेस.

श्रीधर : काका, त्या प्रसंगाने जो दोष उघड केला तो डिस्कचा की जागेचा, एवढे आधी ठरवू. खणात डिस्कऐवजी टेप असती, वा छापील कागद असते, तरी तेही बुडालेच असते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ साली छायाचित्रांच्या जतनावर पुस्तक लिहिले आणि त्यांच्या नावावर सांगितला जाणारा एक साधा नियम पुढे संगणकाच्या सर्व क्षेत्रांत रूढ झाला : माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या जागी असावी. मोठ्या संस्था ही दूरची प्रत पुष्कळदा टेपवर ठेवतात, आणि ते साधन खरोखरच उत्तम आहे. एलटीओ जातीच्या नवव्या पिढीची एक टेप १८ टेराबाइट माहिती धारण करते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षे टिकावी अशा हिशेबाने ती घडवलेली असते. परंतु टेप स्वस्त असली तरी तिच्यावर लिहिणाऱ्या ड्राइव्हची किंमत लाखांच्या घरात जाते, आणि मायक्रोसॉफ्टने २००८ च्या सर्व्हर प्रणालीत बॅकअपचा जुना कार्यक्रम बदलला तेव्हा नव्या कार्यक्रमातून टेपवर लिहिण्याची सोयच वगळली. सुट्या डिस्कची मात्र ठेवली. तेव्हापासून आपल्यासारख्या पेढीला परवडेल, हातात उचलून नेता येईल आणि दुसऱ्या कोणत्याही संगणकाला जोडून वाचता येईल, असे साधन म्हणजे ही सुटी डिस्कच होय.

काका : दुसऱ्या प्रतीविषयी एक शंका आधी दूर कर. सर्व्हर घेताना तूच सांगितले होतेस की त्याच्या आत दोन डिस्क आहेत, प्रत्येक नोंद दोहोंवर एकाच क्षणी लिहिली जाते, आणि एक निकामी झाली तरी दुसरीवर पेढीचे काम अखंड चालू राहते. त्या वेळी मी त्या दुसऱ्या डिस्कचे पैसे निमूटपणे मंजूर केले. मग दुसरी प्रत आपल्यापाशी आहेच, आणि तीही कोणाच्या आठवणीवाचून रोजच्या रोज लिहिली जाणारी, असे मी का समजू नये?

श्रीधर : ती समजूत फार ठिकाणी आहे आणि फार ठिकाणी तिनेच घात केलेला आहे. त्या रचनेला रेड म्हणतात. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली तिचे शास्त्रीय विवेचन केले. पण ती रचना एकाच संकटासाठी आहे, ते म्हणजे एखादी डिस्क यांत्रिक कारणाने बंद पडणे. जुन्या पावतीपुस्तकात कार्बन कागद घालून आपण बिल लिहीत असू, तेव्हा वरच्या पानावर चुकीचा आकडा पडला तर तो खालच्या पानावरही तितक्याच ठळकपणे उमटे. या दोन डिस्कचे तसेच आहे. कोणी चुकून वर्षाचे खाते पुसले, तर ते दोहोंवरून त्याच क्षणी पुसले जाते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमचे लोण सुमारे दीडशे देशांत पसरले आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. असा प्रोग्रॅम फायलींना कुलूप घालतो, संगणकाने स्वतःच जपलेल्या जुन्या प्रती पुसतो, आणि त्या संगणकाला जे जे जोडलेले असेल, मग ती आतली दुसरी डिस्क असो वा बाहेर यूएसबीला कायम लावून ठेवलेली डिस्क असो, तेथवर पोहोचतो. म्हणून माझ्या प्रस्तावातला महत्त्वाचा शब्द ‘हार्ड डिस्क’ हा नव्हे. सकाळी ती काढून ठेवायची, यातच सारे मर्म आहे.

काका : मर्म तेथे आहे, आणि दुर्बलताही नेमकी तेथेच आहे, हे तू पाहत नाहीस. काढण्याने डिस्क सुरक्षित होते, पण काढायला हात लागतो. आणि हात म्हणजे रजा, आजारपण, लग्नसराई, हलगर्जीपणा आणि नोकरी सोडून जाणारा मनुष्य. माझ्या मते दुसरी प्रत इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर जावी, जिला तुम्ही क्लाउड म्हणता तेथे, आणि ती रोज रात्री आपोआप जावी. आपल्या दिवसभराच्या उलाढालीत बदलणारी माहिती दोन गिगाबाइटांच्या आतबाहेर असते असे तूच लिहिले आहेस. आपल्या लाइनवरून सेकंदाला १० मेगाबिट वर जातात असे धरले, तरी अर्ध्या तासात ती पोहोचते. शिवाय येथे केवळ सोयीचा प्रश्न नाही. आपली पेढी कंपनी आहे, आणि कंपन्यांच्या हिशेबाविषयीचे २०१४ चे नियम असे सांगतात की विद्युत्-रूपात ठेवलेल्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष स्थित असलेल्या सर्व्हरवर ठेवला पाहिजे. पूर्वी तो ठरावीक काळाने घ्यावा असे शब्द होते. ५ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने तो दररोज घेणे आवश्यक झाले. हिशेबवह्या आठ आर्थिक वर्षे जपायच्या, जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे. एवढी जोखीम मी कोणाच्या पिशवीतल्या डिस्कवर कशी सोपवू?

श्रीधर : नियमाविषयी तुमचे म्हणणे बिनतोड आहे, आणि भारतातल्या सर्व्हरवर रोजची प्रत गेलीच पाहिजे हे मी आत्ताच मान्य करतो, माझ्या प्रस्तावात ते कलम नव्हते, ते घालावे लागेल. परंतु एवढ्यावर थांबणे मला धोक्याचे वाटते, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण वेळेचे. रोज वर पाठवायचे ते दोन गिगाबाइट, पण सर्व्हर गेला तर परत आणायचे ते सारे ४०० गिगाबाइट. लाइनवरून सेकंदाला ५० मेगाबिट खाली येतात असे धरले तरी त्याला अठरा तास लागतात, तेही लाइन अखंड चालू राहिली तर. महापुराच्या आठवड्यात पेठेत वीज नव्हती, तेथे इंटरनेटची लाइन कोठून येणार? तीच माहिती यूएसबीच्या तिसऱ्या पिढीच्या डिस्कवरून, सेकंदाला शंभर मेगाबाइट या साधारण वेगाने, सव्वा तासाच्या आत उतरते, आणि ते काम मिरजेतल्या एखाद्या नातलगाच्या घरी जनरेटरवरही करता येते. औषधांच्या धंद्यात हा फरक केवळ सोयीचा नाही. कोणत्या बॅचचा माल कोणत्या दुकानाला गेला हे सांगता येत नसेल, तर गोदाम कोरडे असूनही आपण एक बाटली विकू शकत नाही.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या बड्या कंपनीच्या सर्व्हरांची एक पाच मजली इमारत जळून खाक झाली. आणि ज्यांनी बॅकअपचे निराळे पैसे भरले होते अशा काही ग्राहकांच्या प्रतीही त्याच इमारतीत असल्यामुळे मूळ माहितीबरोबर नष्ट झाल्या. म्हणजे आपल्या खणातली डिस्क आणि त्यांच्या इमारतीतली प्रत, यांत तत्त्वतः अंतर राहिले नाही. त्याआधी जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या संस्थेवर वेगळ्याच प्रकारचा घाला पडला. तेथे आग नव्हती, पाणी नव्हते. कोणा घुसखोराने तिच्या क्लाउडच्या खात्याचा ताबा मिळवला, खंडणी मागितली, आणि संस्था खाते परत मिळवू पाहते आहे असे दिसताच मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही पुसून टाकले. ती संस्था बंद पडली. ज्या खात्याच्या किल्लीने प्रत ठेवली जाते त्याच किल्लीने ती नाहीशीही करता येते, हा या व्यवस्थेचा अंगभूत दोष आहे. कपाटात तार काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत जगातल्या कोणत्याही देशातून कोणाचाही हात पोहोचत नाही.

काका : घुसखोराचा हात पोहोचत नाही हे खरे, पण काळाचा पोहोचतो. मी या डिस्कविषयी थोडे वाचले आहे. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी आधी सूचना देणाऱ्या मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. त्या तर एका जागी स्थिर बसलेल्या, थंड हवेत ठेवलेल्या डिस्क होत्या. तुझ्या डिस्क स्कूटरच्या डिकीतून हिंडणार, उन्हात तापणार, हातातून पडणार. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल सोडले म्हणजे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद आजही डोळ्यांनी वाचता येतो. इतिहासकार सरदेसायांनी त्यांतून निवडून १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत ४५ खंड काढले, ते कोणत्याही यंत्राच्या मेहेरबानीवाचून. तुझी डिस्क दहा वर्षांनी फिरेल याची हमी तू देतोस का?

श्रीधर : नाही देत. डिस्क मर्त्य आहे हे गृहीत धरूनच तीन घ्यायच्या आहेत. कोणतीही एक केव्हाही जाईल असे समजून व्यवहार करायचा, आणि तीन-चार वर्षांच्या वापरानंतर चालू असतानाच तिला निवृत्त करून नवी आणायची. चालू डिस्कमध्ये वाचणारे टोक चकतीपासून केसाच्या जाडीचा अत्यल्प अंश एवढ्याच अंतरावर तरंगत असते, म्हणून चालू असताना बसलेला धक्का घातक ठरतो; बंद केल्यावर ते टोक चकतीवरून बाजूला जाऊन बसते आणि तीच डिस्क कितीतरी अधिक धक्का सोसते. तेव्हा पडझडीवरचा पहिला उपाय म्हणजे ती पूर्ण थांबल्यावरच उचलणे. अधिक काळजी घ्यायची तर मजबूत कवचात बसवलेल्या, मीटरभर उंचीवरून पडल्यास तग धराव्यात अशा बेताने बनवलेल्या आरडीएक्स जातीच्या डिस्क मिळतात. त्यांना निराळा ड्राइव्ह लागतो आणि किंमत वाढते, पण टेपच्या मानाने ती कमीच असते.

आणि काका, पेशवे दप्तराविषयी एवढेच म्हणेन की ते रुमाल आजही सुस्थितीत असले तरी मोडी वाचणारा मनुष्य नसेल तर ते मुके आहेत. आमच्या कामातही तसेच आहे. डिस्क शाबूत आहे, पण ज्या प्रोग्रॅमच्या ज्या आवृत्तीत हिशेब लिहिले ती आवृत्तीच कोणाकडे नाही, असे झाले तर शाबूत डिस्कचा उपयोग काय? म्हणून प्रत्येक डिस्कवर हिशेबाबरोबर तो प्रोग्रॅम, त्याचा परवाना आणि सर्व्हर नव्याने उभा करण्याची लेखी रीतही ठेवली पाहिजे.

काका : तू जितके अधिक सांगतोस तितकी माझी शंका वाढते. डिस्क पूर्ण थांबल्यावर उचलायची, प्रोग्रॅम जपायचा, आवृत्ती जपायची. आणखी किती ठिकाणी चूक होऊ शकते तेही आजच सांगून टाक, म्हणजे निर्णय घेताना काही झाकलेले राहणार नाही.

श्रीधर : सांगतो, कारण याच बारीकसारीक गोष्टींवर सारी इमारत उभी आहे. संगणकाला न सांगता केबल ओढली तर लिहायचा राहिलेला मजकूर हवेत विरतो आणि फाइल अर्धवट राहते. म्हणून आधी सेफली रिमूव्ह, मग केबल. डिस्क जुन्या फॅट ३२ पद्धतीने तयार केलेली असेल तर तिच्यावर ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल बसत नाही, आणि बॅकअपची फाइल त्याहून मोठी असतेच. म्हणून ती एनटीएफएस पद्धतीने तयार करायची. विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देते. सोमवारच्या डिस्कला ‘ई’ आणि मंगळवारच्या डिस्कला ‘एफ’ मिळाले, तर रात्री ‘ई’ शोधणारे काम काहीही न करता संपते. यासाठी अक्षरावर विसंबून न राहता, डिस्कला तिच्या स्वतःच्या ओळखीने हेरणारा प्रोग्रॅम वापरायचा. विंडोज सर्व्हरच्या बॅकअपला अनेक डिस्क नेमून देता येतात आणि नेमलेली डिस्क तो फायलींच्या रोजच्या यादीतून लपवूनही ठेवतो. हिशेबाचा डेटाबेस रात्रीही उघडा असतो, तेव्हा उघड्या फायलींची त्या क्षणाची सुसंगत प्रत घेणारी सोय चालू आहे ना, हे पाहायचे. आणि कपाटात वर्षानुवर्षे वीज न देता ठेवण्यासाठी चकतीऐवजी एसएसडी घ्यावी हा मोह टाळायचा, कारण झिजलेल्या एसएसडीतला विद्युत्भार काळाने ओसरतो.

काका : आणि ती डिस्क बसमध्ये राहिली तर? तिच्यात आपल्या गिऱ्हाइकांची उधारी आहे, डॉक्टरांची नावे आहेत, नोकरांची बँकखाती आहेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सुरक्षेच्या हलगर्जीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. एवढा दंड आपल्याला होईल असे मी म्हणत नाही. परंतु लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आपल्या पिशवीतून गळाली, ही नामुष्की दंडाहून मोठी आहे.

श्रीधर : त्यासाठी सारी डिस्क गूढलिपीत बदलणे, म्हणजे एन्क्रिप्ट करणे, हे मी ऐच्छिक मानतच नाही, ते सक्तीचे असले पाहिजे. बिटलॉकर वापरले की हरवलेली डिस्क सापडणाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ धातूचा तुकडा उरते. पण त्याबरोबर नवे ओझे येते : पासवर्ड विसरला तर ४८ अंकी पुनर्प्राप्तीची किल्ली लागते, आणि ती किल्ली त्याच सर्व्हरवर लिहून ठेवली तर सर्व्हरबरोबरच जाते. ती कागदावर छापून, पाकिटात बंद करून, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी आणि त्या लॉकरवर तुमचे व माझे असे दोघांचे नाव असावे, असे मला वाटते.

काका : हे ठीक. आता माझी मूळ हरकत राहिली, ती आहे तशीच आहे. एवढ्या सगळ्या दक्षता घेणारा तू आहेस. तू उद्या पुण्याला नोकरीला गेलास तर? म्हणून मी म्हणतो की मनुष्याला बाजूला काढ आणि काम यंत्राकडे सोपव. यंत्राला कंटाळा येत नाही.

श्रीधर : यंत्राला कंटाळा येत नाही, पण त्याला लाजही वाटत नाही, काका, ते काम न करताच काम संपवते. ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅब या कंपनीची हकीकत तिनेच जगापुढे सविस्तर मांडली आहे. ती लहान पेढी नव्हती, आणि तेथे डिस्क नेणारा कारकूनही नव्हता. सारे काही स्वयंचलित होते. एका अभियंत्याने थकलेल्या अवस्थेत दुय्यम समजून मुख्य सर्व्हरवरचा सुमारे ३०० गिगाबाइटांचा डेटाबेस पुसला. बॅकअप शोधू लागले तेव्हा कळले की रोज होणारा बॅकअप प्रोग्रॅमच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तो होत नाही हे कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुदैवाने त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, म्हणून नुकसान तेवढ्यावर भागले. तेव्हा मनुष्य विसरतो म्हणून यंत्र नेमले, तरी यंत्र विसरले आहे की नाही हे पाहायला पुन्हा मनुष्यच लागतो.

काका : थांब. येथे तू माझ्या बाजूचा आधार काढून घेतलास, पण त्याबरोबर तुझ्या बाजूचाही गेला, हे लक्षात घे. स्वयंचलित प्रतीवर विश्वास ठेवता येत नाही आणि हाताने नेलेल्या प्रतीवरही ठेवता येत नाही, तर आपला वाद कोणत्या साधनाविषयी चालला होता? हिशेबाच्या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो : शिल्लक वहीत लिहिली म्हणून खरी ठरत नाही, रोकड मोजून ती वहीशी ताडली, म्हणजे रुजवात झाली, की खरी ठरते. आणि रुजवात करणारा मनुष्य रोकड सांभाळणारा नसावा, हा शिरस्ता कोणत्याही प्रामाणिक पेढीत मोडला जात नाही. याचे कारण रोखपालावर संशय आहे असे नसून, स्वतःच्या कामातली चूक स्वतःला दिसत नाही, हे आहे. तुझ्या बॅकअपची रुजवात कोण करतो?

श्रीधर : आजवर कोणीच केलेली नाही. बॅकअप यशस्वी झाला असा संदेश येतो, तो मी वाचतो. पण त्या प्रतीवरून संपूर्ण हिशेब दुसऱ्या संगणकावर उतरवून, त्यातली शिल्लक मूळ हिशेबाशी जुळवून पाहण्याचे काम येथे एकदाही झालेले नाही.

काका : मग ते या प्रस्तावाचे पहिले कलम होऊ दे, आणि डिस्क व क्लाउड ही त्याखालची. माझी तजवीज अशी. भारतातल्या सर्व्हरवर रोजची प्रत आपोआप जाईल, कारण कायदा तसे सांगतो आणि मलाही तेच योग्य वाटते. तिचे खाते आणि पासवर्ड सर्व्हरच्या रोजच्या कामापेक्षा निराळे असतील. तुझ्या तीन डिस्कही घेतल्या जातील : एक जोडलेली, एक पेढीच्या वरच्या मजल्यावर कुलपात, आणि एक मिरजेला, आठवड्यातून दोनदा त्यांची अदलाबदल होईल, म्हणजे घरी न्यायची आठवण रोज ठेवावी लागणार नाही आणि नुकसान झालेच तर ते तीन-चार दिवसांपलीकडे जाणार नाही. मार्चअखेरीस एक प्रत निराळी काढून वर्षाच्या ताळेबंदाबरोबर आठ वर्षांसाठी ठेवायची.

श्रीधर : वार्षिक प्रतीला एक पोटकलम जोडावे लागेल, काका. डिस्क दहा वर्षे टिकेल याची हमी मी मघाशी दिली नाही, तेव्हा आठ वर्षांचीही देता येणार नाही. ती प्रत दोन डिस्कवर ठेवावी, दर मार्चला दोन्ही जोडून वाचून पाहाव्यात, आणि दर तीन वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवाव्यात.

काका : जोड. आणि या सर्वांसाठी बारनिशीसारखी एक वही ठेवायची : कोणती डिस्क, कोणत्या तारखेला, कोणी काढली, कोणी ताब्यात घेतली, आणि दोघांच्या सह्या.

श्रीधर : आणि रुजवात?

काका : दर तिमाहीला, आणि ती तू करायची नाहीस. लेखी रीत समोर ठेवून आपल्या हिशेबनीसबाईंनी ती करावी, तू त्या खोलीत नसताना. त्यांना ते जमले नाही, तर रीत अपुरी लिहिली आहे असे ठरेल, आणि तू पुण्याला गेलास तर काय, या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी मिळेल. एका तिमाहीला डिस्कवरून, दुसऱ्या तिमाहीला क्लाउडवरून हिशेब उतरवायचा. लागलेला वेळ आणि जुळलेली वा न जुळलेली शिल्लक वहीत नोंदवायची.

श्रीधर : म्हणजे आपला वाद ती वही मिटवणार. मला अजूनही वाटते की संकटाच्या दिवशी डिस्कच आधी उपयोगी पडेल.

काका : आणि मला वाटते की त्या दिवशी डिस्क जागेवर नसेल. दोघांपैकी कोणाचे खरे हे महापुराने ठरवावे एवढी वाट पाहण्याचे कारण नाही. वर्षातून चार वेळा ते आपणच ठरवून पाहू. मात्र ज्या तिमाहीत रुजवातीच्या रकान्यात सही नसेल, त्या तिमाहीत कपाटात तीन डिस्क असोत की दहा, या पेढीपाशी बॅकअप नाही असेच मी धरीन, आणि संचालकांच्या सभेत तसेच लिहून देईन.